जुन्या आर्केड मशीनच्या पॉवर सप्लायचा ब्रेकर गेला, तर बेळगाव भागात नवा कसा शोधायचा

ब्रेकरचं बटन आत दाबलं की माझं आर्केड मशीन, म्हणजे पार्लरातलं उभं व्हिडिओ गेम मशीन, अर्धा तास नीट चालायचं. मग मागून एक बारीक ‘टक्’ ऐकू यायचं, पडदा काळा व्हायचा आणि पॉवर सप्लायवरचं काळं बटन बाहेर आलेलं दिसायचं. गोव्यातून चोर्ला घाटानं टेम्पोत घालून आणलेलं ते अमेरिकन कॅबिनेट. आमच्या टिळकवाडीतल्या पडवीत येईपर्यंत त्यानं चाळीसेक पावसाळे काढले होते. त्याचा ब्रेकर शोधण्यात माझा एक अख्खा पावसाळा गेला. शेवटी तो मिळाला, पण ज्या दुकानांत मी आधी फिरलो तिथे नव्हे. तो सगळा रस्ता इथे लिहून ठेवतो.

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरांत असायची ती बहुतेक मशीनं प्लायवुडच्या पेटीतली, जामा वायरिंगची. जपानी उत्पादकांच्या संघटनेनं १९८५ मध्ये ठरवलेली ती ५६ पिनांची जोडणी. त्यांना ५ आणि १२ व्होल्ट देणारा एसएमपीएस सप्लाय लागतो, तो गेला तर अख्खा बदलायचा. हा लेख त्याच्या आधीच्या पिढीसाठी आहे. जड ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारे मोठे ब्रिज रेक्टिफायर, वीज साठवणारे डब्याएवढे कपॅसिटर आणि काही सप्लायमध्ये फ्यूजऐवजी दाबून परत चालू करायचा थर्मल ब्रेकर. तुमच्या मशीनमध्ये नुसते फ्यूज असतील तरी पुढची तपासणी उपयोगी पडेल.

आधी ब्रेकर का पडतो ते शोधा

या ब्रेकरच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते. करंट वाढला की ती तापते, वाकते आणि कॉन्टॅक्ट सोडते. बस्स, एवढंच. पण पट्टीला कळते ती फक्त उष्णता. ती करंटमुळे आली की बाहेरून, हे तिला कळत नाही. सगळी गोम इथेच आहे.

म्हणून किती वेळानं पडतो ते घड्याळ लावून बघा. बटन दाबताक्षणी किंवा एकदोन सेकंदांत पडत असेल तर पुढे शॉर्ट आहे. बहुतेक वेळा ब्रिज रेक्टिफायरचा एखादा डायोड गेलेला असतो, कधी मोठा कपॅसिटर. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम, म्हणजे मशीनला कमी व्होल्ट देणाऱ्या बाजूच्या वायरी एकेक करून सोडवा आणि कुठली सोडल्यावर शॉर्ट जातो ते पाहा. हे करताना मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला लावू नका. आपल्या प्रत्येक वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो, त्यात वीज आधी एका बल्बमधून जाते आणि मग यंत्राला मिळते. त्यात १०० वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब घालून त्यातून मशीन चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भक्क पेटून तसाच राहिला तर शॉर्ट अजून तिथेच आहे.

वीस-तीस मिनिटांनी पडत असेल तर शक्यता तीन. खरोखरच करंट जास्त जातोय, ब्रेकर म्हातारा झालाय किंवा त्याच्या टोकावरची थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची क्लिप, सैल आहे. माझ्याकडे तिसरी होती, आणि मी ती सर्वांत शेवटी तपासली. आपल्याकडच्या, त्यातही खानापूर बाजूच्या पावसाळी हवेत पितळेच्या थिंबलवर हिरवट थर चढतो. तिथे अडथळा तयार होतो, अडथळ्यात उष्णता, आणि ती उष्णता टोकातून सरळ आत पट्टीपर्यंत जाते. करंट नेमका असूनही ब्रेकर पडतो. मी नवा ब्रेकर बसवला तोही पस्तीस मिनिटांत पडला, तेव्हा कुठे मी थिंबल काढून उजेडात धरली. ती आतून काळी पडली होती आणि वायरचं प्लास्टिक बोटभर कडक झालं होतं. जुना ब्रेकरही थकला होता हे पुढे चाचणीत दिसलं, पण नवा घेण्याआधी थिंबल बदलायला हवी होती.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ‘ब्रेकर डायरेक्ट करा, काही होत नाही’ असं सांगणारे खूप भेटतात. माझ्या मशीनच्या एका शाखेवर आधीच्या कुणीतरी तांब्याची तार पिळून ठेवली होती. तिच्यापुढची सगळी वायरिंग चिकटून एक जाड दोरी झाली होती. प्लायवुडच्या पेटीत, भिंतीला टेकलेल्या मशीनमध्ये, घरात पोरं झोपलेली असताना हे चालू होतं असं नुसतं मनात आणून बघा.

झाकण उघडण्यापूर्वी

प्लग काढा. नुसतं बटन बंद करून भागणार नाही. मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. अटारी या अमेरिकन गेम कंपनीच्या सप्लायमधला निळा कपॅसिटर, ज्याला जाणकार ‘बिग ब्लू’ म्हणतात, तो वीस हजार मायक्रोफॅरडच्या पुढचा असतो. व्होल्टेज कमी असलं तरी त्यावर पाना पडला तर ठिणगी चांगलीच उडते. मीटर लावून शून्य दिसलं की मगच हात घाला. पिक्चर ट्यूबच्या जाड लाल वायरीकडे तर जाऊच नका. तिथे काही हजार व्होल्ट साठलेले असतात आणि या कामात तिथे हात घालायची गरजच पडत नाही.

कागदावर काय उतरवायचं

दुकानात जाण्यापूर्वी हे टिपून घ्या, नाहीतर दुकानदार घराच्या बोर्डात असतो तसला सहा अँपिअरचा एमसीबी हातात ठेवील:

- ब्रेकरवर छापलेला अँपिअरचा आकडा
- तो एसी बाजूला आहे की डीसी, आणि तिथलं व्होल्टेज
- भोकाचा व्यास आणि फळीची जाडी
- टोकं कशी आहेत: स्क्रूची, डाग द्यायची की ढकलून बसवायची

अँपिअरचा आकडा पुसला गेला असेल तर मशीनच्या मॅन्युअलमधला सर्किटचा नकाशा काढा. अमेरिकन नकाशांत ब्रेकरला ‘सीबी’ आणि पुढे क्रमांक असतो, आकडा शेजारीच मिळतो. बऱ्याच जुन्या मशीनची मॅन्युअल स्कॅन होऊन इंटरनेटवर आहेत. तीही मिळाली नाहीत तर मशीन नीट चालत असताना क्लॅम्प मीटरनं करंट मोजा. डीसी बाजूला मोजायला डीसी मोजणारा क्लॅम्प लागतो, साधा चालत नाही. चालू करंट ब्रेकरच्या आकड्याच्या सत्तर-ऐंशी टक्के पडेल असा आकडा निवडा, पण वायरची जाडी आणि ट्रान्सफॉर्मरची क्षमता ओलांडू नका. मशीन सारखं पडतंय म्हणून पाचच्या जागी आठचा ब्रेकर घातला तर वायर वाचवणारा उरत नाही. कमी आकड्याचा ब्रेकर फार तर त्रास देईल, जास्त आकड्याचा आग लावील.

भोकं इंचांत असतात. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर आणि ७/१६ इंच म्हणजे ११.१ मिलिमीटर, हे दोन आकार मला जास्त दिसले. ढकलून बसवायची टोकं बहुतेक पाव इंचाची, म्हणजे आपल्याकडच्या ६.३ मिलिमीटर थिंबलची. तीच थिंबल गाड्यांच्या वायरिंगमध्ये लागते, त्यामुळे ऑटो इलेक्ट्रिशियनकडे ढिगानं मिळते. ती मात्र नवीच घ्या.

११५ आणि २३० चा घोळ

इथे चुका फार होतात, म्हणून सावकाश वाचा. अमेरिकन मशीन ११५ व्होल्टवर चालायला बनलेलं असतं, आपल्याकडे २३०. दोन मार्ग आहेत.

पहिला, बाहेर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावायचा. मशीनच्या आत तेव्हाही ११५ च पोचतात, म्हणून आतला ब्रेकर मूळ आकड्याचाच राहतो. स्टेपडाउन मशीनच्या गरजेच्या दुपटीच्या आसपास घ्या. दीड-दोनशे वॅटच्या मशीनला चारशे-पाचशे व्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता या एककात लिहितात). अर्थिंगची वायर भिंतीपासून मशीनच्या पत्र्यापर्यंत अखंड जायला हवी, मधल्या ट्रान्सफॉर्मरपाशी तुटता कामा नये.

दुसरा मार्ग, मशीनच्या ट्रान्सफॉर्मरला २३० चा टॅप, म्हणजे जोडणीचं वेगळं टोक असेल किंवा प्राथमिक, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला दोन गुंडाळ्या असतील तर जोडणी बदलायची. व्होल्टेज दुप्पट झालं की तेवढ्याच पॉवरला करंट निम्मा लागतो. म्हणजे मुख्य वायरीवर पाच अँपिअरचा ब्रेकर होता तिथे आता अडीचचा हवा. जुना पाचचा तसाच ठेवलात तर ट्रान्सफॉर्मर दुप्पट ओझ्याखाली तापेपर्यंत तो गप्प बसेल. दुय्यम बाजूच्या ब्रेकरांना हात लावायचा नाही, तिथे काहीच बदललेलं नसतं. याच वेळी मुख्य वायरींवर बिस्किटासारखी गोल चकती आहे का तेही बघा. ती सर्ज अडवणारी एमओव्ही. अमेरिकन मशीनमध्ये ती बहुतेक १३० व्होल्टची असते आणि आपल्या विजेवर फुटते. तिच्या जागी २७५ व्होल्टची घाला.

पन्नास हर्ट्झचाही विचार करा. साठ हर्ट्झसाठीच गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर पन्नासवर जास्त गरम होतो. पाटीवर ५०/६० लिहिलेलं असेल तर काळजी नाही.

एमसीबी का नको

दुकानदार सगळ्यात आधी एमसीबीच काढतो, कारण तोच त्याच्या फळीवर असतो. घराच्या वायरिंगला तो उत्तम, पण काम वेगळं. नियमाप्रमाणे एमसीबी आपल्या आकड्याच्या १.१३ पट करंट तासभर धरू शकतो आणि १.४५ पटीला त्यानं तासाच्या आत पडायचं असतं. शिवाय सी कर्व्ह या प्रकारचा एमसीबी पाच ते दहापट करंटला झटक्यात पडतो. जड ट्रान्सफॉर्मर चालू होताना आणि पिक्चर ट्यूबची डिगॉस कॉइल (पडद्यावरचे रंगांचे डाग घालवणारी) करंट ओढताना क्षणभर बराच करंट जातो, तेवढ्यानं कमी आकड्याचा एमसीबी उगाच पडू शकतो. थर्मल ब्रेकर तो क्षण पचवतो, कारण पट्टी तापायला वेळ लागतो. एमसीबी भिंतीच्या बाजूला जरूर लावा, आतल्या ब्रेकरची जागा त्याला देऊ नका.

ट्रक-बसच्या वायरिंगमधले छोटे ब्रेकरही हायवेवर सहज मिळतात. त्यांतले बरेच स्वतःच परत चालू होणारे असतात. दोष तसाच असताना मशीन आपोआप बंद-चालू होत राहील, आणि ते १२ किंवा २४ व्होल्टसाठीच बनलेले असतात. ते सोडून द्या.

मग मिळतो कुठे

मी आधी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत फिरलो. उपयोग झाला नाही. मग एका दुपारी आमच्या घरचा मिक्सर अडकला. आईनं तो उलटा करून खालचं लाल बटन दाबलं आणि पुन्हा चटणी वाटायला घेतली. मी तिच्याकडे बघतच राहिलो. तेच यंत्र! पट्टी तीच, बटन तेच, अँपिअर तेवढेच. आर्केडवाल्यांचा ब्रेकर आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात ओट्यावर पडून आहे.

तेव्हापासून मी मिक्सर-ग्राइंडर दुरुस्तीच्या आणि मोटर रिवाइंडिंगच्या दुकानांत जातो. बेळगाव शहर असो, निपाणी, चिकोडी, खानापूर किंवा संकेश्वर असो, असं दुकान सापडतंच. ‘थर्मल सर्किट ब्रेकर’ म्हणालात तर समोरचा मान हलवतो आणि एमसीबी काढतो. मी म्हणतो, “अण्णा, मिक्सरचं लाल ओव्हरलोड बटन पाहिजे.” मग लगेच, “मिळतंय की. किती अँपिअरचं?” काउंटरवर मराठी चालो की कन्नड, लाल बटन दोन्हीकडे समजतं. जुना ब्रेकर काढून सोबत न्या आणि काउंटरवर ठेवा, अर्धं बोलणं वाचतं.

मिक्सरनंतर घरातला इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, पिठाची घरघंटी, पेट्रोलवरचा छोटा जनरेटर यांतही दाबून बसवायचे ब्रेकर असतात. त्यांचे अँपिअर मिक्सरपेक्षा जास्त, त्यामुळे सप्लायच्या जड शाखांसाठी तिकडे बघा. उद्यमबागेत यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे आयात यंत्रांतून काढलेले चांगल्या जातीचे ब्रेकर कधीकधी पडलेले असतात. मला एक जर्मन ई-टी-ए कंपनीचा तिथल्याच एका खोक्यात मिळाला. कोल्हापूरला कामानं जाणं झालं तर शिवाजी उद्यमनगरातही विचारा.

पारखताना बटनापेक्षा छापील अक्षरं महत्त्वाची. २५० व्होल्ट एसी आणि अँपिअर स्पष्ट हवेत. आयईसी ६०९३४ किंवा यूएल १०७७ असा मानकाचा उल्लेख असेल तर ब्रेकर उपकरणांसाठीच बनलेला आहे. डीसीचा आकडा वेगळा बघा. एसी करंट दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती विझत नाही. म्हणूनच २५० एसीच्या ब्रेकरवर डीसीला अनेकदा ३२ किंवा ५० व्होल्टच लिहिलेलं असतं. आर्केड सप्लायच्या दहा-बारा व्होल्टला ते पुरतं. पण मिक्सरच्या बटनावर डीसीचा आकडाच नसेल तर मी ते फक्त एसी बाजूला वापरतो.

नेमका मूळचा हवा असेल तर माउझर, डिजी-की किंवा एलिमेंट१४ या सुट्या भागांच्या वेबसाइटवरून मागवता येतो. पॉटर अँड ब्रमफील्ड हे जुन्या अमेरिकन मशीनमध्ये भेटणारं नाव आज टीई कनेक्टिव्हिटीकडे आहे. त्यांची डब्ल्यू २८ ही मालिका काचेच्या फ्यूजच्या होल्डरसाठी असलेल्या भोकात बसते, पाव अँपिअरपासून वीसपर्यंत मिळते. एकासाठी पाठवणी महाग पडते, म्हणून दोघातिघांनी मिळून मागवा. जुन्या मशीनमधून काढलेला वापरलेला ब्रेकर परदेशातून मात्र मागवू नका. तो तुमच्या ब्रेकरच्याच वयाचा असतो.

बसवण्याआधी चाचणी

मिक्सरचं बटन स्वस्त असतं, म्हणून दोन-तीन घ्या आणि तपासून उत्तम ते बसवा. चारचाकीची १२ व्होल्टची बॅटरी आणि ५५ वॅटचे हेडलाइटचे बल्ब पुरतात. एक बल्ब साडेचार अँपिअरच्या थोडं वर ओढतो. बॅटरीच्या टोकाजवळ पंधरा अँपिअरचा फ्यूज घाला, मग ब्रेकर, मग बल्ब.

पाच अँपिअरचा ब्रेकर असेल तर एका बल्बवर तो तासभर टिकायला हवा. तेवढ्यात ब्रेकरच्या दोन टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजून ठेवा. तिन्हींत ज्याचा आकडा सर्वांत कमी आणि स्थिर, तो चांगला. आकडा नाचत असेल तर कॉन्टॅक्ट खराब. मग दोन बल्ब समांतर जोडा. आता नऊ अँपिअरच्या वर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. काही सेकंदांत, फार तर मिनिटाभरात तो पडायला हवा. माझा जुना ब्रेकर एका बल्बवरच अकराव्या मिनिटाला पडला.

शेवटची चाचणी चुकवू नका. दोन बल्ब चालू असताना बटन बोटानं आत दाबून धरा. दाबलेलं असतानाही बल्ब विझले पाहिजेत. काही स्वस्त बटनं दाबून धरली तर चालूच राहतात. ती मिक्सरमध्येही नसावीत, मशीनमध्ये तर नकोच. हेच बघायला मी दोन-तीन आणतो.

बसवताना

भोक थोडं लहान असेल तर गोल कानशीनं वाढवा. कीस सप्लायवर पडू नये म्हणून आधी मागून ओलं फडकं लावा. भोक मोठं असेल तर दोन्ही बाजूंनी वॉशर. वायरचं काळं पडलेलं टोक कापून टाका आणि लखलखीत तांबं दिसेपर्यंत सोला. नवी थिंबल क्रिम्पिंगच्या पकडीनं दाबा, साध्या पकडीनं चेपलेली थिंबल वर्षभरात सैल होते. ओढून बघा, हलली नाही पाहिजे.

थर्मल ब्रेकरचा आकडा साधारण २३ ते २५ अंशांना दिलेला असतो. बंद कॅबिनेटमध्ये, ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या अंगाला पन्नास अंश सहज होतात, आणि तिथे तोच ब्रेकर लवकर पडतो. म्हणून आकडा वाढवण्याआधी मागची झरोक्याची जाळी साफ करा, मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. एप्रिल-मे महिन्यात एवढ्यानंच काम होतं.

आणखी एक, ब्रेकर नेहमी मूळच्या जागीच घाला. काहीजण रेग्युलेटरच्या पुढे, गेमच्या बोर्डाच्या पाच व्होल्टच्या वायरीत जादा संरक्षण म्हणून एक घालतात. ब्रेकरमध्ये पाव व्होल्टपर्यंत व्होल्टेज कमी होतं आणि बोर्डाला पावणेपाच मिळून गेम अडखळतो.

मग सिरीज बोर्डावर चालू, नंतर थेट. गेमच्या बोर्डापाशी पाच व्होल्ट येतात का ते मोजा. पहिला तास शेजारी बसून राहा आणि पंधरा-पंधरा मिनिटांनी प्लग काढून थिंबलला बोट लावा. कोमट चालेल, चटका नको.

ब्रेकर मिळालाच नाही तर तेवढ्याच अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज होल्डरसकट बसवा, टी अक्षराचा. इथे आकड्याची एक गंमत आहे. अमेरिकन पद्धतीचा फ्यूज कायम चालवायचा तर त्याच्या आकड्याच्या पाऊण पटीपर्यंतच, आणि आयईसी पद्धतीचा पूर्ण आकड्यापर्यंत चालतो. अमेरिकन नकाशातला फ्यूजचा आकडा बघून आपल्याकडचा घेत असाल तर पुढचा मोठा घेऊ नका.

काम झालं की कॅबिनेटच्या आतल्या दारावर एक कागद चिकटवा: कुठल्या शाखेवर किती अँपिअरचा ब्रेकर, एसी की डीसी, कोणत्या तारखेला बसवला. चाचणीत दुसरा आलेला ब्रेकर त्याच कागदाखाली पिशवीत घालून खिळ्याला अडकवून ठेवा.